नीलकंठाला कन्नड येतं का

सुंदरम्मा : मग तुझ्या गोष्टीतल्या त्या नीलकंठाचे पाय उलटे हायत का सरळ, तेवढं सांग की.

दानेश्वरी : सरळ आहेत, अव्वा. उलटे पाय दाखवले तर बायका त्याच्या प्रेमात कशा पडतील?

सुंदरम्मा : ते बी खरं. पण पाय सरळ आसले तर भूत हाय हे कसं कळायचं?

दानेश्वरी : त्याला घाम येत नाही. एप्रिलची दुपार, डांबर वितळतंय, आणि हा माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा घालून कोरडा उभा. पण तुम्हाला हे कुणी सांगितलं? मी लिहिते हे मी घरात बोलले नव्हते.

सुंदरम्मा : समोरच्यांची पोरगी, संस्कृती. तू दुकानात गेलीस की येती, हितं चटईवर बसती आन् मोबाईल लावती. त्यात कोण बाई वाचून दाखवती. शेवटाला तुझं नाव घेती, 'लेखिका दानेश्वरी'. पैल्यांदा ऐकलं तवा मी हातातली परात खाली ठेवली.

दानेश्वरी : किती भाग ऐकलेत?

सुंदरम्मा : सगळे. बत्तीस.

दानेश्वरी : अव्वा, त्यात काय काय आहे. सुनेनं लिहिलेलं सासूनं ऐकावं असं नाहीये ते.

सुंदरम्मा : त्यात काय. त्यो त्या मृणालच्या हाताला हात लावाया जातो आन् हात आरपार जातो. एवढंच की. मला वाईटच वाटलं दोघांचं.

दानेश्वरी : तसा नियम केलाय मी. भूत लिहायचं म्हणजे आधी नियम ठरवावे लागतात. त्याला काय जमतं, काय जमत नाही. नीलकंठाला वास येतो, पण जेवता येत नाही. ऐकू येतं, पण कुणाला शिवता येत नाही. आणि त्या बंद कारखान्याचा उंबरा ओलांडून त्याला बाहेर येता येत नाही, मृणालनं बोलावल्याशिवाय.

सुंदरम्मा : त्यो कारखाना मला वळखीचा वाटला.

दानेश्वरी : आपल्या मागच्या गल्लीतलाच आहे, पत्र्याचा. कापडाचे माग विकून टाकले, नुसतं शेड उरलंय. या गोष्टी ऐकवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतले अजिनाथ सर आहेत ना, ते प्रत्येक भाग आधी तपासतात, ते म्हणाले, मॅडम, थंड हवेच्या ठिकाणी एक बंगला घ्या, धुकं घ्या. मी म्हटलं, सर, सोलापुरात धुकं कुठून आणू? आमच्याकडे दुपारी एक ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आमची भुतं त्याच वेळेला निघतात.

सुंदरम्मा : मानलं का त्यानं?

दानेश्वरी : मानलं. आता ऐकणाऱ्या बायका लिहितात की दुपार झाली की आम्ही खिडकीत जाऊन बसतो.

सुंदरम्मा : बरं. मग माझं एक काम हाय. उद्या शिवानंदला जाऊन तीन वर्षं होतील. अक्कलकोटाहून त्याचा चुलतभाऊ गुरुशांत येणार, त्याची बायको, तिकडली चार माणसं येणार. पूजा झाली की मी त्यास्नी ही गोष्ट ऐकवणार. संस्कृतीला सांगून ठेवलंय मी.

दानेश्वरी : कशाला पण?

सुंदरम्मा : कशाला म्हणजे? पोरगा गेला माझा, पण तू त्याला ठेवलास की त्यात. गुरुशांतला फोनवर सांगितलं बी. म्हणलं, माझ्या सुनेनं माझ्या शिवानंदला गोष्टीत जिता केलाय. त्यो बी रडला.

दानेश्वरी : अव्वा, उद्या ते लावू नका.

सुंदरम्मा : का? लाज वाटती? न्हवऱ्यावर लिवायला कसली लाज. फकस्त त्यात थोडं कमी हाय, ते घाल. चालताना त्यो डावा खांदा जरा पाडायचा. आन् चहात बिस्किट बुडवून इसरायचा, मग चमच्यानं काढत बसायचा.

दानेश्वरी : ते नाही घालता येणार.

सुंदरम्मा : का न्हाय?

दानेश्वरी : कारण तो शिवानंद नाही.

सुंदरम्मा : मग कोण हाय?

दानेश्वरी : कुणी नाही.

सुंदरम्मा : कुणी न्हाय कसं? कुणाला तरी बघूनच लिवलं आसशील. दुकानातला कोण हाय का? मी रागावणार न्हाय, पण खोटं सांगू नको.

दानेश्वरी : दुकानात दिवसभर टॉवेल मोजते मी, अव्वा. तिथं कोण असणार? खरंच कुणी नाही. बसले आणि एकेक ठरवत गेले. उंची ठरवली, आवाज ठरवला. मागावरचा जॉबर केला, म्हणजे हातात कसब आलं, बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. मग ठरवलं की भेटल्यावर पहिल्यांदा तो काय बोलेल. तर तो विचारेल, आज काय काय झालं, सांग. बाकी सगळा नीलकंठ त्या एका वाक्यातून निघाला.

सुंदरम्मा : शिवानंद इचारायचा न्हाय का तसं?

दानेश्वरी : जाऊ द्या की.

सुंदरम्मा : मी इचारलालेय तुला.

दानेश्वरी : ते वाईट नव्हते. कधी हात उचलला नाही, टाकून बोलले नाहीत. नोकरी कुर्डुवाडीला, तिथून शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. तुम्ही एकदा अक्कलकोटला गेला होता, तेव्हा मी नऊ दिवस तापानं पडले होते. शेजारणी पेज आणून द्यायच्या. ते शनिवारी आले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, महिना बदलला तरी कॅलेंडरचं पान उलटलं नाही. स्वतःच उलटलं आणि जेवायला बसले. मी तशीच उठून भाकरी टाकली.

सुंदरम्मा : त्याला कळलं नसंल ताप हाय ते.

दानेश्वरी : नसेल कळलं. मीही सांगितलं नाही. मला बघायचं होतं की विचारतात का. आठ वर्षं तेच बघत होते मी.

सुंदरम्मा : मेलेल्या माणसाचं असं बोलू नये, दाने.

दानेश्वरी : म्हणूनच बोलले नव्हते. तीन वर्षं कुणाला बोलले नाही. पण उद्या तुम्ही दहा माणसांत सांगणार की हे माझं पोरगं. आणि सगळे माझ्याकडे बघणार, की बघा, किती प्रेम होतं दोघांत. ते मला नाही सोसणार, अव्वा.

(सुंदरम्मा सुपातल्या शेंगा सोलत राहतात.)

दानेश्वरी : चुकलं माझं. सांगायला नको होतं.

सुंदरम्मा : मला ठावं व्हतं.

दानेश्वरी : काय?

सुंदरम्मा : तिसऱ्या भागातच कळलं. पोरगा माझा हाय, त्याची बोली मला कळंना व्हय? त्यानं मला कदी इचारलं न्हाय, आज काय झालं म्हणून. त्याच्या बापानं बी न्हाय. हे जेवायचे, ताट सरकवायचे, झालं.

दानेश्वरी : मग गुरुशांत भाऊजींना तसं का सांगितलंत?

सुंदरम्मा : तरी मनाला वाटलं, दार लावल्यावर बोलत आसंल. आईपुढं न्हाय, पण बायकोपाशी बोलत आसंल. म्हणलं, बापाला जे जमलं न्हाय ते पोराला जमलं. कुणी शिकवलं आसंल त्याला, तू शिकवलं आसशील. त्येवढ्यासाठी ऐकलं मी. बत्तीस भाग.

दानेश्वरी : अव्वा.

सुंदरम्मा : राहू दे. उद्या लावायचं न्हाय ते. पाव्हण्यास्नी शेंगाची पोळी वाढायची आन् यष्टीत बसवायचं. त्यास्नी दुसरं काय लागतंय.

दानेश्वरी : संस्कृतीला मी सांगते.

सुंदरम्मा : सांग. आन् मी सतरा वर्षांची हितं आले तवाचं तुला सांगू का? माझ्या माहेरी, मैंदर्गीत, समदी कन्नडच बोलायची. मला मराठी येत नव्हतं. ह्यांना कन्नड येत व्हतं, चांगलं येत व्हतं, पर माझ्याशी बोलायचे न्हाईत. म्हणायचे, ती भाषा गावाकडं ठेव. वरीसभर मी कुणाशी बोलले न्हाय.

दानेश्वरी : वर्षभर?

सुंदरम्मा : म्हणजे, मागं शेजारच्यांच्या गोठ्यात एक म्हस व्हती. तिच्याशी बोलायची. दुपारच्याला समदी झोपली की जायची, तिच्या अंगावर हात फिरवायची आन् सांगायची, आज हे झालं, आज ते झालं. कान हलवायची ती. मग ती इकली त्यांनी. त्या दिवशी मी लई रडले, तर सासू म्हणाली, माहेरची आठवण आली वाटतं.

दानेश्वरी : मी या घरात येऊन अकरा वर्षं झाली. हे तुम्ही कधीच बोलला नाहीत.

सुंदरम्मा : म्हशीचं कुणाला काय सांगायचं. हसत्यात लोकं.

दानेश्वरी : मी नाही हसले.

सुंदरम्मा : न्हाय हसलीस. म्हणून तर सांगितलं. दाने, त्या नीलकंठाला कन्नड येतं का?

दानेश्वरी : त्याचा विचार नव्हता केला. मागावर सगळे तेलुगू बोलणारे, म्हणून तेलुगू येतं त्याला. मराठी येतं.

सुंदरम्मा : कन्नड बी येऊ दे की. सोलापूरचाच हाय, न येऊन कुटं जाईल.

दानेश्वरी : येऊ दे. तेहतिसाव्या भागापासून येईल.

सुंदरम्मा : आन् त्या मृणालच्या घरात एक सासू घाल.

दानेश्वरी : प्रेमकथेत सासू? अजिनाथ सर काय म्हणतील?

सुंदरम्मा : तिला काय करायचं न्हाय. बोलायचं बी न्हाय. कोपऱ्यात शेंगा निवडत बसू दे. मृणाल कामावर गेली की दुपारी ती घरात एकटीच आसती, त्येवढं फकस्त त्याला ठावं आसू दे.