खळीचा ठसा

नणंद : आधी ते पेन खाली ठेव.

भावजय : ठेवलं. पण वसुलीवाले अकराला यायचेत, वन्सं. आणि मी त्यांना हो म्हणून बसलेय.

नणंद : हो म्हणायला तुझं काय जातं! सही केलीस की जातं.

भावजय : तुम्ही बसा तरी. जिने चढून धापा टाकताय. त्या स्टुलावर नको, खळ सांडलीय. इकडे, पुठ्ठ्यांवर बसा.

नणंद : तीन महिने झाले माझा भाऊ जाऊन. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं हे मला काल कळतं, तेही तुझ्या शेजारणीकडून, भर बाजारात, भाजीच्या पिशव्या हातात असताना!

भावजय : तिला वसुलीवाल्यांनीच सांगितलं. खालच्या न्हाव्यालाही सांगितलं. सगळ्या गल्लीत न कळलेल्या तुम्ही एकट्याच उरला होतात.

नणंद : हसू कसं येतं तुला?

भावजय : रडून झालंय ना.

नणंद : कागद दाखव. चष्मा कुठे गेला माझा... हां. ‘मी, मयताची पत्नी, मयताचे थकलेले कर्ज स्वखुशीने माझ्या नावावर घेत आहे.’ स्वखुशीने म्हणे! ‘तसेच हमी म्हणून दुकानातील कागद कापण्याचे यंत्र...’ वहिनी! हे यंत्र गेलं तर तू कापणार कशानं? दातांनी?

भावजय : हप्ते वेळेवर दिले तर नेणार नाहीत म्हणाले.

नणंद : आणि देणार कुठून? महिन्याला चार वह्या आणि दोन रजिस्टरं बांधायला येतात तुझ्याकडे. सगळं सोंग आणता येतं, पैशाचं आणता येत नाही.

भावजय : कर्ज माझ्या डोळ्यांसाठी काढलं होतं, वन्सं. ऑपरेशनला. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा. आता या डोळ्यांनी बघायचं आणि कर्ज मात्र माझं नाही म्हणायचं, हे जमत नाही मला.

नणंद : डोळ्यांसाठी? मला वाटलं, ऑपरेशन त्याच्या साठवलेल्या पैशांतून झालं.

भावजय : तसंच सांगायचं ठरलं होतं.

नणंद : माझ्यापासून का लपवायचं? मी काय परकी होते?

भावजय : तुम्ही थोरल्या. तुमच्यासमोर त्यांना कधी कमी पडायचं नव्हतं. शाळेची फी तुम्ही भरलीत, हे यंत्र घ्यायला निम्मे पैसे तुम्ही दिलेत. आणखी किती, म्हणायचे.

नणंद : वेडा धाकटा. बरं, ऐक आता. कर्ज त्याचं. जामीन कुणी नाही, तुझी सही कुठे नाही. माणूस गेला की त्याच्यामागे जे उरलं त्यातूनच वसूल करायचं, पुढे तुझ्या अंगाला लावता येत नाही. उरलं काय? भाड्याची खोली आणि हे यंत्र. आणि कारागिराचं पोट ज्या हत्यारावर आहे ते उचलता येत नाही. वकिलाच्या ऑफिसात सव्वीस वर्षं दुसरं काय टाइप करतेय मी? पण नवी सही केलीस की कर्ज तुझं. मग तुला ब्रह्मदेवही सोडवणार नाही.

भावजय : तोंडानं सांगून त्यांना पटायचं नाही. त्यांच्याकडे शिक्का असतो.

नणंद : माझ्याकडे पुस्तक आहे. हे बघ, ऑफिसमधून उचलून आणलं. विचारलंही नाही कुणाला.

भावजय : बघू? हे आमच्याच हातचं! मागच्या वर्षी तुमच्या ऑफिसनं सुट्या पुस्तिका दिल्या होत्या एकत्र बांधायला. कणा बघा कसा सरळ आहे.

नणंद : कण्याचं कौतुक नंतर. वसुलीचे नियम शेवटी आहेत कुठेतरी... हे पान उलटत का नाही? चिकटलंय. घाईत केलेलं दिसतंय काम.

भावजय : त्यांनी? शक्य नाही. खळीचा हात पानाला लागू द्यायचे नाहीत ते. मध्ये हात धुवायची बादली असायची कायम. तेरा वर्षांच्या संसारात माझ्यावर एकदाच ओरडले, ते मी खळीच्या हातानं पान उलटलं म्हणून. आणा इकडे. ओढू नका, फाटेल. हाडाची पट्टी घालते... निघालं.

नणंद : डाग आहे बघ. म्हटलं नव्हतं मी?

भावजय : डाग नाही हा. अंगठा आहे.

नणंद : असेल कुणाचा तरी.

भावजय : त्यांचाच. ही आडवी रेघ दिसली? पात्यानं कापलेलं, त्याची खूण. वन्सं, बाइंडर पुस्तक वाचत नाही. आकडा बघतो. पंधरानंतर सोळा आला की हात पुढे. ते गमतीनं म्हणायचे, लाख पुस्तकं हाताखालून गेली आणि मी तसाच कोरा. पण इथं थांबले ते. काम टाकून, हात न धुता वाचलंय हे पान.

नणंद : काय आहे त्यावर? ‘आजारपणामुळे हप्ता भरणे अशक्य झाल्यास कर्जदारास लेखी अर्ज करून हप्ता कमी करून मागता येईल. अर्जाचा निर्णय होईपर्यंत त्याच्याकडे तगादा लावता येणार नाही.’ म्हणजे त्याला ठाऊक होतं? मग अर्ज का नाही केला? छातीच्या गोळ्या अर्ध्या तोडून घेत होता असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, विसरभोळा आहे, विसरत असेल. तो काय हप्त्यासाठी वाचवत होता?

भावजय : जाऊ द्या आता ते.

नणंद : जाऊ कसं द्यायचं? एका अर्जाचं काम होतं. मी पाच मिनिटांत टाइप करून दिला असता!

भावजय : वन्सं, पाणी देऊ? जिन्यावर पावलं वाजतायत. आले वाटतं.

(वसुलीवाला दारात येतो. काखेत फाइल, हातात फोन.)

वसुलीवाला : नमस्कार, वहिनी. झाला का कागद? मला एक वाजता दुसरीकडे पोचायचंय.

नणंद : कागद माझ्याकडे आहे. तुमचं ओळखपत्र दाखवा.

वसुलीवाला : आपण कोण?

नणंद : मी पण तेच विचारतेय, आपण कोण? नुसतं नावाचं कार्ड नको, फोटोचं ओळखपत्र दाखवा. आणि कर्ज किती घेतलं, किती फिटलं, व्याज किती, याचा लेखी हिशेब.

वसुलीवाला : मॅडम, आपण सहकार्य केलंत तर प्रकरण गोडीगुलाबीनं मिटेल.

नणंद : शेजारणीला आणि न्हाव्याला जाऊन सांगितलंत, ती गोडी की गुलाबी?

वसुलीवाला : सांगितलं नाही मॅडम, दारात उभा राहून बोललो. आवाजच मोठा आहे माझा. आधी टीव्ही विकायचो दारोदार, ती सवय.

नणंद : मग आता हळू बोला. यांनी कुठेही सही केलेली नव्हती, आजही करणार नाहीत. यंत्राला हात लावायचा नाही. तुमच्या साहेबांना म्हणावं, काय म्हणायचंय ते लेखी पाठवा. नियम हवा तर वाचून दाखवते, पुस्तक उघडंच आहे.

वसुलीवाला : नको मॅडम. मला पाठ आहेत. आमची परीक्षा घेतात त्याच्यावर.

नणंद : आणि तरी हा कागद आणता?

वसुलीवाला : बायका विचारत नाहीत. विचारलं की आम्ही थांबतो. खरं सांगतो, दहांतली एक विचारते. मलाही महिन्याचा आकडा गाठायचा असतो, दोन मुलींची लग्नं डोक्यावर आहेत. तुम्ही कोर्टात असता का?

नणंद : वकिलाच्या ऑफिसात.

वसुलीवाला : थांबा. म्हणजे बाइंडरसाहेबांच्या ताई त्या तुम्हीच का?

भावजय : अहो, तुम्हाला एक वाजता पोचायचंय ना? निघा तुम्ही.

नणंद : हो, मीच. तुम्हाला कसं ठाऊक?

वसुलीवाला : प्रत्येक भेटीचा शेरा लिहावा लागतो फोनमध्ये. सापडेल... हे बघा.

भावजय : कशाला वाचताय? गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं?

नणंद : वाचू दे त्याला.

वसुलीवाला : ‘कर्जदार म्हणतो, हप्ता कमी करण्याचा अर्ज करणार. बहीण वकिलाकडे आहे, तिला विचारून देतो. तगादा थांबवला.’ मी खरंच थांबलो होतो, मॅडम. अर्ज येणार म्हणून. मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन. ‘अर्ज नाही करत. ताई म्हणाली, घेतलेत तर फेडायचे. हप्ता घेऊन जा.’ मलाच चमत्कारिक वाटलं. अर्ज आला असता तर निर्णय होईपर्यंत, सहा महिने तरी, मला या जिन्याला पाय लावता आला नसता.

नणंद : कधीचं आहे हे?

वसुलीवाला : ते जायच्या दोन महिने आधीचं. म्हणून म्हटलं, तुम्हीच का त्या. राग मानू नका. बरोबरच सांगितलंत तुम्ही, सगळ्यांनी असं सांगितलं तर आमचं काम सोपं होईल.

भावजय : झालं ना तुमचं?

वसुलीवाला : झालं. सही नाही मिळाली, लिहितो. तो कागद परत... राहू द्या, ठेवा. वहिनी, माणूस सरळ होता तुमचा. एकदाही दार बंद करून आत बसला नाही.

भावजय : तिसरी पायरी मोडकी आहे. जपून उतरा.

नणंद : धाकटा ऑफिसात रजिस्टरं द्यायला आला होता.

भावजय : वसुलीवाले गेले. मी चहा टाकते.

नणंद : दारातच उभा होता. बगलेत रजिस्टरांचा गठ्ठा. म्हणाला, ‘ताई, एका गिऱ्हाइकाचं विचारायचंय. आजारी आहे, हप्ता झेपत नाही, अर्ज करता येतो म्हणे.’ मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, वहिनी. दिवसभर तेच टाइप करत होते, कुणी पैसे बुडवलेले, कुणी पळालेले. म्हटलं, तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, पैसे उडवताना अर्ज केला होता का? घेतलेत तर फेडायचे. पळवाटा शोधणाऱ्यांशी संबंध ठेवू नकोस.

भावजय : हो.

नणंद : हो काय?

भावजय : एवढंच म्हणालात. घरी आले तेव्हा सांगितलं त्यांनी. ‘पुस्तकात आहे, पण ताई म्हणते ते खरं,’ म्हणाले. मी म्हटलं, अहो, तुम्ही स्वतःचं आहे म्हणून सांगायचं होतंत. तर म्हणाले, पळवाट शोधणारा म्हणाली ती, त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगू?

नणंद : म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं! आणि तीन महिने मी येतेय, तुझ्या हातचा चहा पितेय, त्यानं गोळ्या का तोडल्या म्हणून तुलाच विचारतेय. एकदा तरी तोंडावर म्हणायचंस.

भावजय : म्हणून काय मिळालं असतं? ते परत आले असते?

नणंद : मला कळलं असतं.

भावजय : तेच नको होतं. मला कर्जाची भीती नव्हती, वन्सं. फेडलं असतं मी हळूहळू, यंत्र गेलं असतं तर सुईवर फेडलं असतं. भीती होती ती तुम्हाला कळायची. कर्ज आहे म्हटल्यावर तुम्ही खोदत बसणार, तुमचा स्वभावच तो. म्हणून वाटलं, सही करून टाकावी, माणूस यायचा बंद होईल, गोष्ट तिथेच बुजेल. शेजारीण बाजारात भेटेल हे कुठे माहीत होतं.

नणंद : तू माझ्यासाठी सही करत होतीस?

भावजय : मला त्यांनी एवढं एकच सांगितलं होतं शेवटी. त्या सकाळी यंत्राचा दांडा धरून बसले, कपाळाला घाम, आणि म्हणाले, ‘काही झालं तर ताईला कर्जाचं बोलू नको. तिनं मला चालायला शिकवलंय.’ मला वाटलं, नेहमीचं दुखतंय. मी खळ ढवळत होते. मीही मान वर केली नाही, वन्सं. एकट्या तुमचीच मान खाली होती असं समजू नका.

नणंद : मी त्याला रागावले तर तो हसायचा लहानपणी. मला वाटलं, त्या दिवशीही हसलाच असेल दारात.

भावजय : असेल.

नणंद : बघितलं असतं तर कळलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं... हा ठसा पुसू नकोस. ऑफिसला मी नवं पुस्तक विकत घेऊन देईन.

भावजय : नाही पुसत. पण ते मिटू नका लगेच. तुमच्या डोळ्यांतलं पाणी पडलंय त्याच्यावर. खळ ओली झाली की पान पुन्हा चिकटतं.