थरथरणारा हात

नर्सिंगच्या प्रवेशाची रांग पार दारापर्यंत आली होती. डेल्फिनाच्या पुढेच एक मुलगी आणि तिची आजी भांडत होत्या, आणि ते ऐकू येऊ नये अशी काही सोय नव्हती.

“सॅन अँटोनियोच्या कॉलेजात जागा मिळालीय ना तुला? मग इथं वेटिंग लिस्टला नाव घालायला का उभी आहेस?”

“इथंही लागेल की नंबर, दोन वर्षांत. घाई काय आहे?”

“दोन वर्षांनी मी असेन का?”

“झालं हिचं सुरू! आणि मी गेले, तर तुला रोज इन्सुलिन कोण टोचणार? तुझा हात केवढा थरथरतो.”

“कुठं थरथरतो? हा बघ.”

“अगं आजी! म्हणजे वर्षभर नाटक?”

“तू नर्स होणार म्हणालीस, त्याच आठवड्यात माझा हात थरथरायला लागला. त्याआधी वीस वर्षं माझी मीच टोचून घेत होते. तुला शंकासुद्धा आली नाही, येसेनिया!”

“पण का?”

“तुझा हात बसायला नको? शिकायला स्वतःचं पोट दुसरं कोण देणार होतं तुला?”

“आणि ओरडायचीस ते?”

“ते खरं होतं. सगळं पोट काळंनिळं केलं होतंस.”

“आणि आता?”

“आता सुई कधी गेली ते कळतही नाही.”

खिडकीतून हाक आली, “पुढचं कोण?”

मुलगी रांगेतून बाजूला झाली आणि मागे डेल्फिनाकडे वळली.

“काकू, तुम्ही व्हा पुढे.”