बसून बघा

पांढरं? नाही हो भाऊ, गाडीच्या सीटला पांढरं नका घेऊ. म्हणजे घ्यायचं तर घ्या, मी शिवून देईन, माझं काय जातंय — पण थोड्याच दिवसांनी त्याच सीटवर बसून इथं याल आणि म्हणाल, बाई, हे पिवळं कसं पडलं. पडणारच. घामानं पडतं, जीन्सचा निळा रंग उतरतो त्याच्यावर, मुलांचे बूट लागतात. मोबाइलमधल्या फोटोत छान दिसतं, ते खरंय — पण त्या फोटोतल्या सीटवर कोणी बसलंय का? बघा नीट. कोणी नाही. रिकामी सीट आहे. रिकाम्या सीटला काहीही शोभतं. — बायकोला आवडलंय? मग तिलाच आणायचं होतं ना, मी तिच्याशी भांडले असते आणि तुम्ही आरामात बघत उभे राहिला असता. बसा जरा. तिथं नको — त्या भिंतीजवळच्या सीटवर नको, ती राहू दे. ती गिऱ्हाइकाची नाही. घरची आहे, उसवायला आणलीये. हे स्टूल घ्या. डुगडुगतं थोडं, पण पडत नाही.

आता बघा, हे रेक्झिन. हातानं नका चाचपू. सगळे येतात आणि तळहात फिरवतात, तळहाताला काय कळतंय? निबर झालेला असतो. मनगटाच्या आतल्या बाजूनं बघा, नाहीतर असं मानेला लावा — लाजताय कशाला, इथं कोण बघतंय. गार लागलं ना? आता लागतंय. गाडी उन्हात उभी असते की सावलीत? उन्हात. मग हे चटका देणार, आणि घाम आला की पाठीला चिकटणार, उठताना चर्रकन आवाज येईल. पुसायला मात्र बरं. काहीही सांडलं तरी एका फडक्यात साफ — काहीही म्हणजे काहीही, मला विचारा. ही मखमल. दिसायला झकास, पण धूळ धरते, आणि एकदा ओली झाली की तिचा वास जाता जात नाही, कितीही धुवा. नाही, तुमच्या गाडीत कशाला ओली होईल, मी आपलं सांगते. हे जाळीचं कापड, हवा खेळती राहते, पण खरखरीत आहे, तासन्‌तास बसणाऱ्याचं कातडं सोलवटतं. खरं चामडं नकोच तुम्हाला, त्याला तेलपाणी करत बसावं लागतं. आणि चौकटीचौकटीची शिवण तर मुळीच नको. फोटोत ती पण आहे ना? असणारच. अहो, जितक्या शिवणी तितक्या रेघा उठतात अंगावर. बसणाऱ्याला कळलं तर तो जरा सरकून बसतो. न कळणारा सरकत नाही, तसाच बसून राहतो, मग त्या रेघांचं काय काय होतं ते — जाऊ दे. साधी सपाट शिवण घ्या.

वरचे तागे? वरचे नाही मी काढत. खाली आहेत त्यातूनच निवडा. शिडी आहे की, ती काय मागं उभी आहे, पण चढत नाही कोणी. तुम्ही चढता? नको. नको म्हटलं ना, बसा खाली. — रागावले नाही हो. बसा.

खात्री काय म्हणता? चांगलं विचारलंत, गिऱ्हाईक भाव विचारतं, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे पहिल्यापासून एक पद्धत आहे. सीट शिवून झाली की लगेच द्यायची नाही. आधी कोणीतरी बसायचं. आणि जो शिवतो त्यानं नाही बसायचं, दुसऱ्यानं बसायचं. का? तर शिवणाऱ्याला माहीत असतं ना, कुठं दोरा तुटला होता, कुठं टाका चुकला होता — त्याचं मन तिथंच जातं. मग एकतर नसलेलं बोचतं, नाहीतर असलेलं तो खपवून घेतो. म्हणून शिवायचे मी, आणि बसायचे आमचे हे. यायचे, चपला काढायचे, खिशातलं सगळं त्या फळीवर काढून ठेवायचे, बसायचे आणि डोळे मिटायचे. बोलायचं नाही कोणी. मी तिकडं मशीनपाशी श्वास धरून. एकदा इकडं सरकायचे, एकदा तिकडं. मग म्हणायचे 'हं'. म्हणजे पास, गाडी द्या. नाहीतर म्हणायचे 'बोचतंय'. तिसरा शब्द नाही. छान, सुंदर, कष्ट घेतलेस, असलं काही नाही — अख्ख्या संसारात नाही. आणि बोचतंय म्हटलं की बोचतंयच, वाद घालून उपयोग नसे. मी घालायचे. कैची आपटायचे, म्हणायचे तुमचंच हाड बोचत असेल तुम्हाला. शेवटी उसवायचे रडत-ओरडत, आणि आत काहीतरी निघायचंच — सुईचं तुटलेलं टोक, अस्तराची दुमडलेली कड, काहीतरी. एकदा नणंदेनं नवा सोफा घेतला, चार पाहुणे बोलावले, कौतुक चाललेलं, आणि हे बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, 'बोचतंय.' सगळ्यांसमोर! नणंद वर्षभर बोलत नव्हती आमच्याशी. हसताय? हसा. मी पण हसायचे.

आता? आताही तेच बसतात. म्हणजे... इथं नाही येत. घरी असतात. घरीच असतात. त्या शिडीवरून पडले. वरचा एक तागा हवा होता एका बाईंना, फिकट बदामी रंगाचा, तो काढताना. तागा आधी खाली आला, मग हे. कमरेखाली काही कळत नाही तेव्हापासून. आणि त्या बाईंनी शेवटी तो रंग घेतलाच नाही — म्हणजे त्यांची काय चूक, त्यांनी लगेच दवाखान्यात न्यायला गाडी दिली, पण तो तागा अजून आहे बघा वर, तसाच, कागदात. कोणी काढत नाही.

डॉक्टर काय सांगणार? डॉक्टर टाचणी टोचतो आणि विचारतो, कळतंय का? आणि हे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात, शाळेतल्या मुलानं मास्तरकडे बघावं तसे. त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा आणि कधी हो म्हणायचं, कधी नाही. कसली आलीये तपासणी ती. डॉक्टर म्हणाला, कुठंतरी, काहीतरी कळायला लागू दे, एवढंसं का होईना, मग पुढचं बोलू. नाही कळलं तर हे असंच समजा. असंच म्हणजे कसं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण मी म्हटलं, टाचणीचं राहू दे, ते डॉक्टरचं काम. माझं काम सीट. या माणसानं आयुष्यभर सीटवर बसून खोट काढली, त्याला कळलं तर सीटवरच कळेल. म्हणून भंगारातून एक ड्रायव्हरची सीट आणली, वेल्डिंगवाल्याकडून खाली चाकं बसवून घेतली, आणि घरात खिडकीशी लावली. आधी रेक्झिन लावलं. बसवलं. डोळे मिटले त्यांनी, सवयच ती. 'हं' म्हणाले. मला काय आनंद झाला, मूर्ख बाई मी! मग लक्षात आलं, त्या रेक्झिनला मागच्या बाजूला चुणी आहे. पूर्वी 'हं' म्हणालेच नसते.

मग सुरू झालं माझं. मखमल लावून पाहिली — 'हं'. जाळीचं कापड — 'हं'. फोम काढून टाकला, आत काथ्या भरला, वर गोणपाट, अहो गोणपाट शिवलं मी, ज्याच्यावर मांजर बसणार नाही — 'हं'. शेजारची म्हणते, काय नशीबवान तुमचे मालक, बायको सारखी नवी सीट शिवते, किती लाड. मी म्हटलं, हो ना. काय सांगणार तिला? की लोक माणसाला आराम वाटावा म्हणून कापड निवडतात आणि मी त्याला त्रास व्हावा म्हणून निवडते? तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे. त्यांचे दोन्ही पाय परत नकोत मला. चालणं नको, शिडी नको, दुकान नको. एकदा 'बोचतंय' म्हणावं, बस. मी कैची आपटते, भांडते, सगळं उसवते, परत शिवते. म्हणा तरी.

म्हणून शेवटी गाठ ठेवली. त्या भिंतीजवळच्या सीटमध्ये. हो, त्याच. आमच्यात गाठ नेहमी कडेला नेऊन आतल्या अंगाला लपवतात, बसायच्या जागेखाली कधी येऊ देत नाहीत, शिकाऊ माणूससुद्धा देत नाही. मी मुद्दाम ठेवली. मेणाच्या जाड दोऱ्याची, हरभऱ्याएवढी. कुठं ठेवली ते सांगणार नाही तुम्हाला. काल सकाळी उचलून बसवलं, मुलीनं आणि मी. मुलीला माहीत नव्हतं. मी आपली कपड्यांच्या घड्या घालत बसले, त्यांच्याकडे पाठ करून, एकच टॉवेल किती वेळा घडी केला कोण जाणे. आणि मागून आवाज आला, 'हं.' आणि मग म्हणाले — ऐका हं — म्हणाले, 'छान झालीये. हात बसला आता तुझा.'

अख्ख्या संसारात कधी नाही म्हणाले.

मी टॉवेल तोंडात धरला. नाही, रडले नाही, वेळ कुठं होता, त्यांना औषध द्यायचं होतं. आणि रडायचं कशाला, अजून काय ठरलंय? काही ठरलेलं नाही. विचार करा तुम्ही — फोम नवा होता, नव्या फोममध्ये गाठ बुडते. कापड जाड. होऊ शकतं की नाही? रात्री कूस बदलताना बघितलं तर तिथं लाल झालं होतं थोडं, पण लाल तर नुसतं बसूनही होतं, सगळीकडेच होतं. मुलीनं ते आज सकाळी पाहिलं, तिला कळलं, ती जे काही बोलली मला — बोलू दे, तिचा बाप आहे. म्हणाली, आजच्या आज ती सीट दुकानात ने आणि उसव. आणलीये की. पण उसवली नाही अजून. आधी कळायला नको का, गाठ लागते की नाही ते? मी बसून उपयोग नाही. मी ठेवलीये, मला माहितेय जागा, मला लागणारच. शिवणाऱ्यानं बसायचं नाही, हे काय उगाच आहे? मुलगी बसायला तयार नाही, त्या सीटकडे बघत पण नाही. सकाळपासून विचार करतेय कोणाला सांगावं, आणि तुम्ही आलात.

बसता?

अहो, मघाशी नको म्हटलं, आता म्हणते बसा. दोन मिनिटं. तुम्हाला काही लागलं नाही, तर नाही म्हणा, एवढंच. तुम्ही धडधाकट माणूस — तुम्हालाच नाही लागली तर त्यांना तरी कशी लागेल? मग त्यांच्या त्या 'हं'ला काही अर्थ नाही. मग मी मोठी गाठ ठेवीन, पातळ कापड लावीन, अजून वाट बघता येईल. पण मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणू नका हं. आणि मी सांगितलं म्हणून हो पण म्हणू नका. खरं काय ते सांगा. तुमच्या सीटा मी पांढऱ्या करून देईन, चौकटीच्या करून देईन, काय पाहिजे त्या करून देईन. या.

चपला काढा. टेका नीट, पाठ लावा. आता डोळे मिटा. हं, असेच. बोलू नका लगेच. जरा इकडं सरका. आता तिकडं...

काय?

थांबा, थांबा — पाकीट असेल मागच्या खिशात. पाकीट काढा. किल्ल्या? त्या पण काढा, त्या फळीवर ठेवा. मोबाइल. सगळं काढा हो, मग सांगा. बसा परत. घाई करू नका, मला काही घाई नाही. फोम दबायला वेळ लागतो, दबू दे. टेकलात? डोळे मिटा.

...

कुठं? असं नाही, बोट ठेवून दाखवा. कापडावरून बोट फिरवू नका, उठू पण नका, बसल्या बसल्या सांगा, नक्की कुठं लागतंय. उजव्या बाजूला. मांडीखाली. पुढं का मागं? — मागं. शिवणीपासून चार बोटं.

हं.

उठा भाऊ. किल्ल्या घ्या त्या. पाकीट राहील, घ्या. पांढरंच करा तुम्ही, बायकोला आवडलंय ना, मग पांढरंच. छान दिसेल. नाही, माप आज नको, उद्या या. उद्या नाहीतर परवा. मला काही नाही झालेलं, ही एवढी उसवायची आहे, बाकी काही नाही. कैची इथंच होती. तुम्ही निघा. आणि जाताना ते शटर जरा ओढून घ्या. अजून थोडं. अजून.

खालपर्यंत ओढा.