पिंपरखडीच्या देवळाच्या दारात म्हाळूबाबाचं पागोटं

मंडळी, आज तुम्हाला एक अडचणीचा प्रश्न विचारतो. पुरुषानं प्रार्थनेला उभं राहताना डोकं उघडं ठेवावं, असं प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात कळवलंय. ते आपल्याला मान्य आहे. मी स्वतः बघा, तुमच्यापुढं उघड्या डोक्यानं उभा आहे — टक्कल चमकतंय ते देवाची देणगी समजा! पण ज्याला डोकं उघडं करताच येत नाही, त्यानं देवापुढं जावं की जाऊ नये?

आत्ताच उत्तर देऊ नका. आधी पिंपरखडीला चला.

पिंपरखडीच्या ख्रिस्तमंदिरात शमुवेल आल्हाट नावाचे पंच होते. मास्तरकीतून निवृत्त झालेले. शाळा सुटली, वर्गातली मुलं सुटली, पण छडी धरायची सवय हातातून जाईना. मग पौलाचं ते वचन सापडलं, आणि मास्तरांना पुन्हा नोकरी लागली! दाराशी खुंट्या ठोकल्या. टोपी दिसली की काढ, मफलर दिसला की सोड. थंडीत दातदुखीनं बेजार झालेला माणूस कानटोपी घालून आला, तीही खुंटीला गेली. एकदा एकजण बैलगाडीवरून पडला आणि डोक्याला पट्टी बांधून उपासनेला आला. आता आली का पंचाईत? पट्टी औषधात धरायची की आच्छादनात? मास्तरांनी पाळकसाहेबांना भर उपासनेत बाहेर बोलावलं. शेवटी निकाल असा लागला, की डॉक्टरची चिठ्ठी आणली तर पट्टी चालेल. हसताय काय? तुमच्या मंडळीतही असा एकजण असेल. शेजारी बघू नका, शेजारचा तुमच्याकडेच बघतोय!

तर एका रविवारी दारात म्हाळूबाबा कोळपे आला. धनगर माणूस, वस्तीवरचा. हातात काठी, डोक्याला तांबडं पागोटं. त्यानं आत डोकावून पाहिलं, आणि आवाज खाली घेऊन मास्तरांना विचारलं, “आत कोन वारलं?”

“कुणी नाही. उपासना चाललीय.”

“मग समदे बोडके का?”

मंडळी, त्याचं चुकलं का? आपल्याकडची रीत काय? घरात मौत झाली की पुरुष पागोटं उतरवतो. तेरावा झाला की सासरच्या माणसानं येऊन ते पुन्हा बांधायचं. एरवी चारचौघांत उघडं डोकं म्हणजे घरात कुणीतरी गेलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, एवढ्या सगळ्यांच्या घरी एकदमच मौत झाली!

मास्तरांनी नेम सांगितला. पागोटं खुंटीला लावा आणि आत बसा. म्हाळूबाबा जागचा हलेना. त्याची बायको तालुक्याला दवाखान्यात होती. तिथल्या नर्सबाईनं त्याला सांगितलं होतं, रविवारी देवळात जाऊन नाव सांगा, सगळी मंडळी उभी राहून प्रार्थना करते. एवढ्यासाठी गडी चार कोस चालून आला होता.

“मास्तर, मालकीण जिती हाय माझी,” तो म्हणाला. “पागुटं उतरवून देवाफुडं गेलो, तर काय सांगितलं म्या देवाला? गेली म्हनून?”

मास्तरांना हे कळत नव्हतं होय? चांगलं कळत होतं! त्यांचे वडील वारले तेव्हा तेही तेरा दिवस उघड्या डोक्यानं हिंडले होते. पण खुंट्या त्यांनी ठोकलेल्या. ते म्हणाले, “नेम म्हणजे नेम. बाहेर बसा. देवाला बाहेरूनही ऐकू येतं.”

वा रे मास्तर! देवाला बाहेरूनही ऐकू येतं, तर मग तुम्ही पंखा लावून आत कशाला बसता?

म्हाळूबाबानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, मग आत तुम्ही तरी तिचं नाव सांगा. ठकूबाई. मास्तर म्हणाले, सांगतो. तो चिंचेखाली बसून राहिला.

आत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाची काही विनंती? मास्तर उभे राहिले. आज मंडळीत एकाही पुरुषाचं डोकं झाकलेलं नाही, याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले, आणि खाली बसले. ठकूबाई? ती आठवली घरी, जेवताना. घास घशात अडकला म्हणता? छे हो! रस्सा पुन्हा वाढून घेतला.

पुढच्या रविवारी म्हाळूबाबा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला — पागोटं काखेत, डोकं उघडं!

मास्तरांच्या आनंदाला पारावार नाही. “या बाबा, या! शेवटी देवानं बुद्धी दिली!” हाताला धरून थेट वेदीपाशी नेलं. मंडळीला म्हणाले, पाहा, नेम धरून बसलं की माणूस कसा सुधारतो. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर म्हाळूबाबा बोलला. “ती गेली, मास्तर. हितनं गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. काल तेरावा झाला. पागुटं बांधाया तिचा भाऊ पायजे, त्यो मागंच गेला. गावात बोडका हिंडतो तर लोक वाट सोडून जात्यात. मग म्हनलं, तुमच्यात समदेच बोडके. हितं बसलो तर कुनी काय इचारनार न्हाई.”

मग त्यानं विचारलं, “त्या दिवशी तिचं नाव घेतलं व्हतं न्हवं?”

खोटं बोलायला किती वेळ लागतो, मंडळी? पण मास्तरांना तो धीर झाला नाही. ते म्हणाले, “नाही घेतलं, बाबा. विसरलो.” आणि लेकरासारखे रडले.

मग त्यांनी त्याच्या काखेतलं पागोटं काढून घेतलं. “खाली बसा,” म्हणाले, “मी बांधतो. तिचा भाऊ म्हणून.” वेदीपुढं, भर उपासनेत, सगळ्या मंडळीदेखत त्या नेमाच्या माणसानं आपल्या हातानं एका पुरुषाचं डोकं झाकलं. पेच दोनदा सुटला. पाळकसाहेब पवित्र शास्त्र मिटून उभे राहिले. पागोटं बांधून झाल्यावरच गीत सुरू झालं.

आता सांगा, पौलाची आज्ञा मोडली का? मला विचाराल तर त्या देवळात त्या दिवशी पहिल्यांदा खरी उपासना झाली. टोप्या तुम्ही काढाच, मी नको म्हणत नाही. पण माझं काम टोप्यांशी नाही. गेल्या आठवड्यात कुणीतरी तुम्हाला रस्त्यात, दवाखान्यात, विहिरीवर गाठून एक नाव सांगितलं होतं — प्रार्थनेत घ्या म्हणून. तुम्ही म्हणालात, घेतो.

घेतलंत?

पेटी थांबवा जरा. ते माणूस अजून जिवंत असेल. घ्या आता ते नाव, मनातल्या मनात. मी थांबतो.