तीन नंबरचा स्लॉट

(रेडिओ केंद्रातली सर्व्हरची खोली, दुपार. काका इथले निवृत्त तंत्रज्ञ. लेक त्यांच्या दिवंगत सहकाऱ्याची मुलगी. आता इथेच तंत्रज्ञ.)

काका : पुन्हा तीन बीप. म्हणजे मेमरीच. रॅमची पट्टी नीट बसलीय ना?

लेक : दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबलीय, काका. खोडरबरानं पुसलीसुद्धा. तुम्हीच शिकवलंय.

काका : चार नंबरच्या खाचेवर, स्लॉटवर, टॉर्च मार बघू.

लेक : अगंबाई! स्लॉटच जळलाय. काळा ठिक्कर.

काका : मग झालं कल्याण. या मशीनला पट्ट्या जोडीनं लागतात. दोनबरोबर चार, एकबरोबर तीन. आणि तीन तर कधीचा मेलाय.

लेक : कोण म्हणालं?

काका : मी! त्यावर ‘बंद’ अशी चिठ्ठी कुणी चिकटवलीय? अकरा वर्षं झाली.

लेक : काढते ती.

काका : ए, हात लावू नकोस! बोर्ड उडाला तर?

लेक : आज पाचला हे मशीन भंगारात जातंय, काका. बाबांनी रेडिओवर सांगितलेल्या सकाळच्या गोष्टी याच्याशिवाय कुठेच नाहीत. आई रोज विचारते, मिळाला का आवाज? आता आणखी काय उडायचं राहिलंय?

काका : काढ बाई, काढ.

लेक : तेव्हा अदलाबदल करून पाहिली होती ना? तीनमधली पट्टी एकमध्ये, एकमधली तीनमध्ये?

काका : आधी वायर काढ.

लेक : काढलीय. पाहिली होती ना?

काका : नाही.

लेक : तुम्ही? ‘आधी अदलाबदल, मग निकाल’ म्हणून आमचं डोकं खाणारे तुम्ही?

काका : तुझा बाप निवेदक. माईकसमोर बसणारा माणूस मला चारचौघांत सांगतो, अरे, स्लॉट नाही, पट्टी खराब असेल. मला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, तू आपल्या गोष्टी सांग, मशीन मला कळतं. आणि लावली चिठ्ठी.

लेक : म्हणून आमच्याकडे येणं सोडलंत?

काका : तो आला होता गं दोनदा, चल चहाला म्हणून. मी कामात असल्याचं सोंग केलं. मग तो आजारी पडला. वाटलं, बरा होऊन येऊ दे घरी, मग जाऊ.

लेक : बसवल्या पट्ट्या. एक आणि तीन. करू चालू?

काका : थांब जरा. हं. कर.

लेक : एक बीप.

काका : एकच?

लेक : एकच! मेमरी पूर्ण दाखवतंय, काका.

काका : म्हणजे स्लॉट धडधाकट होता.

लेक : हो.

काका : बरोबर होता तुझा बाप. माझाच हेका. आणि आता चुकलो म्हणायला समोर तो नाही.

लेक : बसा इथे, खुर्चीवर. फाइली उघडतायत. कॉपी लावलीय मी. एखादी ऐकू या?

काका : लाव.

लेक : येतंय का ऐकू? फारच बारीक आहे. वाढवू आवाज?

काका : नको, राहू दे. तो हळूच बोलायचा. ओरडायचो मी.