शेक न देता ओतलेलं लोखंड

सन्माननीय अध्यक्ष श्री. भाऊराव डोंगरवार, आजच्या सत्कारमूर्ती कुमारी भूमिका कापगते, व्यासपीठावर विराजमान असलेले तिचे मातापिता सौ. अन्नपूर्णाबाई व श्री. केवलराम, मंडळाचे पदाधिकारी, आणि सेक्टर ६ पासून जुनवानीपर्यंत नि दुर्गच्या रेल्वे कॉलनीपासून स्कूटर हाकत आलेल्या बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बातमीदाराला दहा मिनिटं देणं म्हणजे काय, हे त्यांना थोड्याच वेळात कळेल.

आपल्या अध्यक्षांच्या कपाळावर चार टाके आहेत, हे मागच्या रांगेतूनही दिसत असेल. हे टाके ज्यांच्यामुळे पडले ते गृहस्थ अध्यक्षांच्या उजव्या हाताला, एक खुर्ची सोडून बसले आहेत. मधली खुर्ची सत्कारमूर्तीची आहे. आसनव्यवस्था कार्यकारिणीनं विचारपूर्वक केलेली दिसते.

भूमिका परवा हैदराबादला निघते आहे. संगणकावरचे युद्धाचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला बोलावलं आहे. मंडळानं शाल-श्रीफळाचं ठरवलं, तेव्हा तिनं एकच अट घातली. म्हणाली, "काका, शाल-बिल ठीक आहे. पन अंकुरदादाचं नाव याच हॉलमंदी साफ झालं पाहिजे. ज्यांच्यासमोर खराब झालं, त्यांच्यासमोर." आणि केवलराम मला म्हणाले, "तुमी सांगा. समदं सांगा. माहं नाव घेऊन सांगा." तेव्हा आता जे बोलतो आहे ते त्यांच्या आज्ञेनं.

अंकुर हा भूमिकेचा थोरला भाऊ. सहा वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, तो एका खाजगी फाउंड्रीत गेला. 'गेला' म्हणजे कामाला नव्हे. फाउंड्रीचं नाव मी घेत नाही; त्यांचे वकील आमचं वर्तमानपत्र मन लावून वाचतात. वितळलेलं लोखंड ज्या मोठ्या भांड्यातून साच्यात ओततात त्याला लॅडल म्हणतात. अंकुर लॅडलवर होता. स्फोट झाला, आणि चौकशीत निघालं की पोरानं कुणाला न विचारता ओतलं. तेव्हापासून सहा वर्षं अन्नपूर्णाबाई भाजी घ्यायला गेल्या की मागून कुणीतरी हळहळायचं, "घाई नडली पोराले." आपल्यापैकीच कुणीतरी. मी चेहरे ओळखतो, पण आज समारंभ आहे.

भूमिकेला हे पटलं नव्हतं. तिचा दादा चहासुद्धा थंड झाल्याशिवाय तोंडाला लावत नसे. तिनं वडिलांना विचारलं, पुनःपुन्हा विचारलं. केवलराम उठून अंगणात जायचे. त्या पाळीला मिस्त्री तेच होते. डाव्या हाताची दोन बोटं त्याच दिवशी गेली.

आता खेळाकडे येतो.

या खेळात प्रत्येकाला एक राज्य मिळतं. ते पाषाणयुगातून निघतं. मग ताम्र, लोह, बारूद, वाफ आणि पोलाद. कोणती विद्या आधी शिकल्याशिवाय कोणती मिळत नाही, याचं एक झाड असतं. या कंपनीसाठी घरबसल्या ते झाड लावणं हे भूमिकेचं काम. ती त्याला टेक ट्री म्हणते. मी सवयीनं विद्यावृक्ष म्हणतो, आणि ती सवयीनं दुर्लक्ष करते. मी संस्कृत शिकलेला माणूस. आमच्या ग्रंथांत युगं उतरत जातात, हिच्या खेळात चढत जातात. प्रेतांची संख्या मात्र दोन्हीकडे चढतीच आहे.

संगणकावर चढवण्यापूर्वी झाड कागदावर तपासायचं, ही तिची पद्धत. प्रत्येक विद्येला जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्याची एक पत्ती, कॅरमच्या उलट्या बाजूला खडूनं काढलेला नकाशा, सोंगट्या म्हणजे फौजा, आणि एक फासा. दर रविवारी सकाळी, ह्याच सभागृहात. खेळणारे तिघं: सायकलवाले भैय्याजी, मी, आणि रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले भाऊराव. आयुष्यभर हिरवी झेंडी दाखवलेला माणूस इतका रक्तपिपासू असेल, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

मी लेखनकला घेतली, मग पंचांग, मग नाट्य. भैय्याजींनी धान्याची कोठारं बांधली. भाऊरावांनी काहीच बांधलं नाही. ते थेट लोखंडाकडे धावले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या तलवारी माझ्या ग्रंथालयात शिरल्या. माझी चार हजार प्रजा त्यांनी एका पाळीत कापली. म्हातारे विहिरीत टाकले, वेशीवर मुंडक्यांची रास केली. हे खेळात नव्हतं, ते स्वतः वर्णन करून सांगत होते. "काय पाहून राहिले पत्रकारसाहेब? छापा आता! तुमच्या नाटकवाल्याले भी सोडलं नाही मी, त्याच्याच तंबोऱ्याची तार त्याच्या गळ्याले आवळली!" भैय्याजींच्या राजाला त्यांनी उकळत्या तेलात घातलं आणि मग भैय्याजींच्याच डब्यातलं भजं उचलून खाल्लं.

भैय्याजी म्हणाले, "भाऊरावजी, रेल में कभी किसी पैसेंजर को पीटा था क्या?"

"रिटायरमेंटची वाट पाहून राहिलो होतो."

आता त्या झाडावर, लोखंडाच्या अलीकडे, भूमिकेनं एक पत्ती ठेवली होती. नाव 'शेक'. लॅडलला आतून मातीचं नवं अस्तर दिलं की ते आगीवर आठ-आठ तास शेकून कोरडं करावं लागतं. ओल राहिली आणि त्यावर तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड पडलं, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड वर उडतं. तर ही पत्ती घ्यायला दोन पाळ्या लागायच्या, आणि मिळायचं काय? काहीही नाही. ना फौज, ना धान्य. न घेता पुढे गेलात तर प्रत्येक ओतणीला फासा टाकायचा. एकचं दान पडलं तर भट्टी फुटते नि तुमचं शहर जळतं.

भाऊराव चिडायचे. "हे कावून ठेवलं वं? दोन पाळ्या मुफ्तच्या चालल्या!"

"नका घेऊ काका. जबरदस्ती थोडी आहे."

"नाहीच घेत."

कंपनीनंही आपल्या माणसांकडून खेळवून पाहून तिला कळवलं होतं की दहातले नऊ खेळणारे ही पत्ती टाळतात, तेव्हा काढून टाका. तिनं उत्तर दिलं नव्हतं.

केवलराम खेळत नसत. मुलीला स्कूटरवर सोडायचे आणि त्या खिडकीजवळ पेपर घेऊन बसायचे. मी पाहिलं आहे, बारा रविवारांत त्यांनी पान उलटलं नाही. माझं लेखन इतका वेळ धरून ठेवत असेल, असा माझा समज झाला होता.

बाराव्या रविवारी भाऊराव शेवटचा हल्ला करायला निघाले. राजधानीत तोफा ओतायच्या होत्या. शेक घेतलेली नव्हती. पाचदा फासा टाकला, पाचदा वाचले. प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारून ओरडायचे, "ओत रे! काही होत नाही!" सहाव्या वेळी एक पडला.

भूमिकेनं शांतपणे त्यांच्या राजधानीवरच्या सोंगट्या उचलल्या. सगळ्या. अकरा.

"थांब थांब," भाऊराव म्हणाले, "हे माहं कावून मरून राहिलं? मजुराची चूक आहे ते. त्यानं ओतलं, मी कुठी सांगतलं?"

"पाळी तुमची होती, काका. हुकूम तुमचा."

"नाही नाही. मजुराची चूक लिही. लिही तिथं! मेला तं मेला, माहं शहर कावून जाईन?"

पुढचं तुमच्यापैकी काहींनी पाहिलं आहे. केवलरामांनी नकाशासकट कॅरम उचलला आणि त्याची चौकट भाऊरावांच्या कपाळावर हाणली. सोंगट्या भिंतीपर्यंत उडाल्या. भाऊराव खुर्चीसकट मागे पडले. कातडी फाटून खाली लोंबली, डोळा रक्तानं भरला, आणि केवलराम त्यांच्या छातीवर गुडघा रोवून, त्या तीन बोटांच्या हातानं त्यांचा गळा दाबत होते. भैय्याजी नि मी मिळून ओढले तरी ते हात सुटेनात. माझा चष्मा गेला. भैय्याजींच्या मनगटावर अजून दातांचा व्रण आहे. तो नक्की कुणाच्या दातांचा, यावर दोन मतं आहेत.

ते हात मग स्वतःच सुटले. केवलराम मागे सरकले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "दोनदा म्हनला थो. बाबा, ओली आहे. बाबा, लॅडल ओली आहे, तीनच घंटे शेकली. मी म्हनलो, गाडी उभी आहे, मालक फोन करून राहिला. ओत. तरी उभाच होता. मंग मी त्याले मायवरून शिवी देल्ली. तवा त्यानं ओतलं."

सभागृहात रक्ताचे थेंब पडल्याचा आवाज येत होता. खरंच येत होता. ते पुठ्ठ्याच्या पत्तीवर पडत होते.

"लोखंड छताले लागून खाली आलं," ते म्हणाले. "त्याच्या अंगावर. मी धरून ओढाले गेलो तं हातात नुसता शर्ट आला, आन् शर्टात..." ते थांबले. मीही इथे थांबतो. त्या संध्याकाळी हॉस्पिटलात, हाताला पट्टी बांधलेली असताना, त्यांच्यापुढे एक टाईप केलेला कागद आला. त्यावर लिहिलं होतं: पोरानं न विचारता ओतलं. त्यांनी सही केली.

मागच्या खोलीत पोहे करत असलेल्या अन्नपूर्णाबाई दारात उभ्या होत्या. हातात झारा तसाच. त्या चालत आल्या आणि तो गरम झारा त्यांनी केवलरामांच्या गालावर मारला. एकदाच. मग झारा खाली ठेवून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"माहा लेक सहा वर्षं बदनाम राहिला," त्या म्हणाल्या, "आन् तुमी माह्या हातचं जेवून राहिले."

भूमिका रडली नाही. तिनं विचारलं, "बाबा, हे लिहून देता?"

"देतो," केवलराम म्हणाले.

पुढचं बोलणं आलं जमिनीवर पडलेल्या भाऊरावांकडून. कपाळावर भैय्याजींचा रुमाल दाबून ते म्हणाले, "आत्ताच घेऊन जा त्याले. संडे आहे तं फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या घरी घेऊन जा. आन् केवलराम, हेच सहा वर्षाआंधी बोलला असता तं माहं टकुरं वाचलं असतं लेका."

सोमवारी ते दोघं कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत गेले. एकाच्या कपाळावर टाके, दुसऱ्याच्या गालावर फोड. तिथल्या बाबूनं आधी विचारलं, मारहाणीची तक्रार आहे का? जबाब घेतला आहे. फाईल पुन्हा उघडू, असं तोंडी म्हणाले आहेत. लेखी अजून नाही. केवलरामांवरही कारवाई होऊ शकते. ते त्यांना ठाऊक आहे.

नंतर मी भूमिकेला विचारलं, ती पत्ती तू मुद्दाम, वडिलांसाठी ठेवली होतीस का? ती म्हणाली, "नाही काका, गेम बॅलन्स करायचा होता." बातमीदारीच्या पंचवीस वर्षांत इतकं चोख उत्तर मंत्र्यांनीही दिलेलं नाही. कंपनीला तिनं त्याच आठवड्यात कळवलं: दहातले नऊ टाळतात, म्हणूनच ती राहील, नाहीतर झाड दुसऱ्याकडून लावून घ्या. त्यांनी दोन दिवसांनी तिला बोलावलं.

आता एक राहिलं, ते माझं आहे.

सहा वर्षांपूर्वी ती बातमी मी दिली होती. चार ओळी. फाउंड्रीच्या कचेरीतून कागद आला, मी तो नीटनेटका केला. भट्टीपर्यंत गेलो नाही, जुनवानीला गेलो नाही. त्या दिवशी सेक्टरात एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. कागदात 'कामगाराची चूक' असं होतं. मला ते भाषेच्या दृष्टीनं पांगळं वाटलं. मी 'अक्षम्य निष्काळजीपणा' असं केलं. संस्कृत शिकल्याचा असाही उपयोग होतो. भाऊरावांनी पुठ्ठ्याची माणसं मारली आणि चार टाके घेतले. मी एका खऱ्या मेलेल्या माणसाला पुन्हा मारलं, त्याच्या आईच्या दारात नेऊन टाकलं, आणि मला कुणी कॅरमनं मारलं नाही.

उद्याच्या अंकात पान तीनवर बातमी आहे. संपादकांशी भांडून, माझ्या नावासह. वाचून दाखवतो, चारच ओळी आहेत.

"अंकुर केवलराम कापगते, वय चोवीस, याने लॅडल ओली असल्याचे दोन वेळा सांगितले होते. तरीही ओतण्याचा हुकूम झाला. हुकूम देणाऱ्याने तसा जबाब दिला आहे. सहा वर्षांपूर्वी या वृत्तपत्राने अंकुरला दोषी म्हटले, ते खोटे होते, आणि ते लिहिणारा मी आहे."

मंडळानं बोलण्याची संधी दिली, अध्यक्षांनी टाके ओले असताना अध्यक्षपद स्वीकारलं, आपण सर्वांनी न उठता ऐकलंत, याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी आहे. भूमिका, हैदराबादला जे युद्ध करायचं ते खुशाल कर. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाला लागलं असेल, तर सभेनं ते पदरात घ्यावं, ही विनंती.

अन्नपूर्णाबाई, ही विनंती सभेला होती. तुम्हाला नाही. तुम्ही घाई करू नका.