निरोगी नाकांची मोजणी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रुग्णालयाच्या संचालक मॅडम, व्यासपीठावरचे पाहुणे, आमचे विभागप्रमुख सर, माझ्या सहकाऱ्यांनो, आणि मागे बसलेल्या माझ्या घरच्या मंडळींनो,

आधीच्या वक्त्यांनी माझ्या चिकाटीचं फार कौतुक केलं. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ही चिकाटी कुठल्या कामात गेली, हे कुणीच सांगितलं नाही. सांगणार तरी कसं, ते काम पुरं झालेलंच नाही. तेव्हा मीच सांगते, आणि जरा रागानेच सांगते. निवृत्तीच्या दिवशी राग राखून ठेवायचा तरी कुणासाठी?

तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे माझी खोली. नाकातून जाताना हवा किती अडते, ते मोजायचं यंत्र तिथे आहे. एका नाकपुडीत नळी बसवून ती नाकपुडी चिकटपट्टीने बंद करायची, दुसरी मोजायला नाका-तोंडावर मास्क लावायचा आणि म्हणायचं, "तोंड मिटा, नेहमीसारखा श्वास घ्या." एवढं ऐकलं की माणूस नेमका नेहमीसारखा श्वास घ्यायचं विसरतो.

माझे धाकटे दीर शाळेची बस चालवायचे. त्यांचं नाक सारखं चोंदायचं. सरांनी तपासून माझ्याकडे पाठवलं. आकडा मोठा आला. सर म्हणाले, "अडथळा जास्त आहे. ऑपरेशन करून टाकू."

मी विचारलं, "जास्त म्हणजे कुणापेक्षा, सर?"

"यंत्राच्या पुस्तिकेत दिलंय की."

पुस्तिकेत आकडा होता. तो कुठल्या माणसांची नाकं मोजून काढला, याचा पत्ता नव्हता. म्हटलं, आपणच आपल्या इथली धडधाकट माणसं मोजू. कामाच्या वेळेत परवानगी नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत सुरुवात केली, आणि माझ्या नाकी नऊ आले. "मला काही झालंय का?" म्हणत लोक पळायचे. काही झालेलं नाही म्हणूनच बोलावतेय, हे पटवण्यातच सुट्टी सरायची. आलेच, तर कुणाला आदल्या दिवसापासून सर्दी. कुणी जिने चढून धापा टाकत आलेला, आणि दमल्यावर नाक तेवढ्यापुरतं मोकळं होतं, मग त्याचा आकडा कमीच मिळणार. शिवाय नाकाची स्वतःची खोडी वेगळी. आत्ता उजवी बाजू मोकळी, काही वेळाने डावी. निरोगी माणसाचंही असंच चालतं. यातून नेहमीचं माप काढायचं कसं?

तरी मोजत राहिले. एक दिवस नोंदणीच्या खिडकीवरच्या ताई बसल्या. त्यांचा आकडा भाऊजींच्या आकड्याला जाऊन भिडला. मी विचारलं, "ताई, नाक चोंदतं का हो?"

"छे, माझं नाक अगदी झकास आहे."

मी तशीच सरांकडे गेले. सर म्हणाले, "बाहेर आजाऱ्यांची रांग लागलीय आणि तुम्ही धडधाकटांच्या नाकात डोकावताय." सगळे हसले. सर, तुम्हालाही आठवत असेल.

घरी मी भाऊजींना म्हटलं, "थोडं थांबू या. आधी औषध घालून बघू." ते बिचारे तयार होते. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर ते आहेत, तू नाहीस." विषय संपला.

ऑपरेशन झालं. सरांचा हात सफाईदार, त्यात वाद नाही. आकडा झपकन उतरला. सरांनी परिषदेत तो पडद्यावर दाखवला, टाळ्या पडल्या. आणि भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, हवा आत जाते म्हणता, पण मला ती जाणवतच नाही. श्वास घेतलाय की नाही, तेच कळत नाही."

मी पुन्हा मोजलं. यंत्राच्या मते सगळं उत्तम; ते हवेचा अडथळा मोजतं, हवा जाणवते की नाही ते मोजत नाही. त्यांची मात्र झोप उडाली. मागे पोरं बसलेली आणि आपले डोळे मिटतायत, या धास्तीने त्यांनी बस सोडली. आज ते आलेत. गर्दीत गुदमरतं म्हणून दाराशी खुर्ची घेऊन बसलेत.

त्यानंतर निरोगी माणसं मोजायची परवानगी मागायला मी दरवर्षी रुग्णालयाच्या समितीकडे गेले. उत्तर ठरलेलं, "निरोगी माणसं मोजून रुग्णालयाला काय मिळणार?" मागच्या महिन्यात एक शिक्षिका आल्या, आकडा तसाच. अहवालाखाली मी लिहिलं, हा आकडा तक्रार नसलेल्या माणसांतही आढळतो. सर खाली आले. "हे तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं, "कुणीच नाही, सर. त्याचाच वैताग आहे." बाईंनी ऑपरेशन थांबवलं, औषधाचा फवारा सुरू केला. आता बऱ्या आहेत. सर मात्र तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

सोमवारपासून माझ्या खोलीत सलाईनची खोकी रचणार आहेत म्हणे. मॅडम, ही भेटवस्तू फार सुंदर आहे, पण मला ती खोली हवी होती. माझ्यासाठी नाही, पुढच्या तंत्रज्ञासाठी. मॅडम मान हलवताहेत. ती होकाराची आहे की वेळ संपल्याची, ते मला इथून कळत नाही.

असो. जेवण अर्धं टाकून माझ्यासमोर नाक घेऊन बसलेल्या प्रत्येकाचे मनापासून आभार. बोलताना कुणाला लागलं असेल, तोल गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. भाऊजी, तुम्हाला मात्र मी तेव्हा आणखी भांडून थांबवायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. इथेच थांबते.